मारुती मंदिर रोडवर जुन्या पुस्तकांचं टेबल: कोणाला अनुभव आहे का?

झेरॉक्सवाला
नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्स-स्पायरलचं दुकान आहे, मारुती मंदिराकडून जयस्तंभाला जाताना. नेमकं कुठे ते लिहीत नाही. लिहिलं तर उद्या निम्मी रत्नागिरी 'तो तूच काय रे?' विचारत येईल, आणि माझी अडचण तीच आहे.

दिवाळीनंतर एका रद्दीवाल्याकडून दीडेकशे पुस्तकं किलोवर उचलली. दर शनिवारी संध्याकाळी दुकानापुढे फुटपाथवर घडीचं टेबल टाकतो. कुठलंही पुस्तक वीस रुपये. जर्नलं झेरॉक्स करायला येणारी पोरं रेंगाळायला लागली. तिसऱ्या शनिवारी एक मुलगी बॉलपेनने चेहरे काढून द्यायला बसली, तीस रुपयांत. एकाने जुने टी-शर्ट आणले, त्यांवर स्वतः छापलेलं बांगडा पळवणारं मांजर. सहा विकले गेले, त्यातला एक माझ्या अंगावर आहे.

चौथ्या शनिवारी एका पोराने स्वतःची कविता वाचायला घेतली. वीसेक जण उभे. तीन ओळी झाल्या आणि त्याचे मामा अ‍ॅक्टिव्हावरून आले. गाडी बंद केली नाही, हेल्मेटची काच फक्त वर केली. 'आई वाट बघत्ये घरी.' पोराने कागद खिशात घातला आणि मागे बसून गेला. चौथी ओळ काय होती कोणालाच कळलं नाही. पुढच्या शनिवारी निम्मीच आली.

मग कोणीतरी येऊन 'टेबल उचल, रस्ता अडतो' म्हणून गेलं. कोण होता, कुठून आला होता, विचारायचं सुचलं नाही. मी उचललं.

तर विचारायचं हे की परवानगी लागते का, जून आला की काय करायचं, आणि मामांचं काय करायचं?

भाट्ये_खाडी
पावसाचं सांगतो, बाकीचं मला कळत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात तू कागद विकतोयस, हे आधी लक्षात घे. ताडपत्री बांधशील, पण पाऊस इथे आडवा येतो. शिवाय ताडपत्रीच्या पोटात पाणी साचतं आणि कोणीतरी शहाणा खालून काठीने ढोसतो. आमच्याकडे माळ्यावर ठेवलेल्या पुस्तकांनासुद्धा ऑगस्टपर्यंत बुरशी धरते, पिना गंजून पानावर तांबडे डाग पडतात. मे संपला की सगळं प्लास्टिकच्या पिंपात भर, वर कडुलिंबाचा पाला टाक आणि नारळी पौर्णिमेनंतर ऊन बघून उघड. होड्यासुद्धा तेव्हाच पाण्यात जातात, पुस्तकांना कसली घाई आहे?

देवरुखकर_बर्कलेत
तुझं वाचून हसायला आलं, कारण मी इथे अमेरिकेत, बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूपासून दोन मिनिटांवर राहायचो. विद्यापीठाच्या दारातून निघून थेट ओकलंडपर्यंत जाणारा रस्ता. कॅम्पसजवळच्या चार-पाच चौकांत फुटपाथवर टेबलं: गाठी मारून रंगवलेले टी-शर्ट, मण्यांच्या माळा, चांदीच्या अंगठ्या, उदबत्त्या. उदबत्तीचा वास आला की मला आमच्या देवळाची आठवण यायची, आणि दुसऱ्या श्वासाला गांजाचा वास आला की जायची. 'मोज' नावाचं जुन्या पुस्तकांचं चार मजली दुकान आहे, 1959 पासूनचं. आपली पुस्तकं दिली तर रोख कमी देतात, बदल्यात पुस्तकं घेतलीत तर जास्त. ही युक्ती तू घे. पोरं वाचून झालेलं परत आणतील.

आणि त्या रस्त्याचं सगळं नाव झालं ते टेबलांपायीच. कॅम्पसच्या दाराशी विटांची 26 फुटांची पट्टी होती. पोरं तिथे टेबलं मांडून पत्रकं वाटायची, वर्गणी गोळा करायची. सगळे समजत होते की जागा शहराची. 1964 च्या सप्टेंबरात विद्यापीठ म्हणालं, जागा आमची, टेबलं उचला. 1 ऑक्टोबरला टेबलावर बसलेल्या एकाला, जॅक वाइनबर्गला, पोलिसांनी गाडीत घातलं. पोरं गाडीभोवती खाली बसली. बत्तीस तास गाडी हलली नाही, आणि हा आत. त्यांच्यातलाच एक विद्यार्थी, मारिओ सॅव्हिओ, गाडीच्या टपावर चढून बोलला, पण आधी बूट काढून, टपाला पोचे पडू नयेत म्हणून. मला ह्या सगळ्यात ते बूटच आवडतात.

आता तसं फार उरलेलं नाही. कोडीज हे मोठं पुस्तकांचं दुकान 2006 मध्ये तिथून गेलं. जवळच्या ज्या पीपल्स पार्क नावाच्या बागेसाठी 1969 मध्ये गोळीबारात माणूस मेला, त्याला 2024 च्या जानेवारीत रातोरात कंटेनरांची भिंत घातली. घरभाडी विचारू नकोस. फुटपाथवर झोपणारे खूप, त्यांत कोवळी पोरंही. त्यामुळे 'तिथे बघा कसं' असं काही मी म्हणणार नाही. एवढंच, की तिथे ओळखणारे मामा नसतात. पोरं हजारो मैलांवरून आलेली असतात.

वडापाव_ताई
बाळा, मी माळनाक्याजवळ गाडी लावते, अकरा वर्षं झाली. बत्तीस तास बसायची गरज नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं. कुठे बसायचं ते ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यावं लागतं, आणि त्या समितीत निदान 40 टक्के माणसं आमच्यासारखी विक्रेतीच असायला लागतात. नगरपरिषदेत जाऊन अर्ज कुठे द्यायचा ते विचार, पोच घे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

तोवर एक कर. गटारावरची फरशी दिसते ना दुकानापुढे? फरशीच्या आत तुझी पायरी, बाहेर रस्ता. टेबल आत घे. पोरं बाहेर उभी राहिली तर ती चालणारी माणसं, त्यांना कोण उचलणार? आणि येताना वडे माझ्याकडून ने.

निवृत्त_मास्तर
मामा सगळ्याच काळात होते. 1933 साली सावरकरांनी ह्याच गावात अखिल हिंदू उपहारगृह काढलं, कुठल्याही जातीच्या माणसाने येऊन बसावं म्हणून. स्पृश्य-अस्पृश्याने एका बाकावर चहा घ्यायचा. त्याआधी दोन वर्षं भागोजीशेठ कीरांनी सगळ्या जातींना खुलं असं पतितपावन मंदिर बांधलं होतं. आज चहाचं काही वाटत नाही. पण तेव्हा तिथे जाऊन कप तोंडाला लावताना रस्त्यावरून कोण बघतोय ही धास्ती तुझ्या कवीपेक्षा कितीतरी मोठी होती, कारण घरी गेल्यावर वाळीत टाकायला अख्खी आळी बसलेली असे. तरी गेले काही जण. त्यांना ओळखणारं गाव तेव्हा आजच्याहून लहान होतं.

मुलाला म्हणावं, कविता पाठ कर. कागद नसला की थांबवायला वेळ लागतो.

झेरॉक्सवाला
सगळ्यांचे आभार. ताई, अर्ज दिला, पोच घेतली, लॅमिनेट करून काचेला चिकटवली (लॅमिनेशन फुकट, दुकान आपलंच). फरशी मोजली: आतली जागा दोन फूट नऊ इंच. टेबल दोन फुटांचं आहे, म्हणजे मी नऊ इंचांत उभा राहणार. बदलीच्या पुस्तकांची वही सुरू केली. पिंपं दोन सांगितली आहेत.

कवीला फोन केला. म्हणाला, मामांनी घरी काहीच सांगितलं नाही, फक्त दोन दिवसांनी विचारलं, 'ते तुझंच होतं काय?' हो म्हटल्यावर 'बरं' म्हणाले.

शनिवारी साडेपाच. मामा आलेच तर गाडी बंद करून हेल्मेट काढायला सांगणार आहे.