मदत हवी आहे: बीएमडब्ल्यू एम५ ची जुनी ई३९ पिढी घ्यावी की त्यामानाने नवी एफ९०?

जर्मनीत राहणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी रोजच्या वापरासाठी नाही, शनिवार-रविवार चालवायला.

ई३९ मध्ये ४.९ लिटरचं टर्बो नसलेलं व्ही८ इंजिन, ४०० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा फक्त मॅन्युअल. एफ९० मध्ये ४.४ लिटर, दोन टर्बो, ६०० अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ताकद. वेगात तुलनाच नाही, पण थ्रॉटल दाबताक्षणी मिळणारा प्रतिसाद जुनीतच आहे असं माझं ठाम मत आहे.

अडतंय ते ई३९ च्या इंजिनापाशी. व्हॅनोसची (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) खडखड थंड इंजिनात काही सेकंद येऊन थांबली तर एक वेळ चालेल. इंजिन तापल्यावरही राहिली तर काम मोठं. टायमिंग चेनचे प्लास्टिक गाइड जुने होऊन ठिसूळ होतात, तुकडे ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात. म्हणून विचारतो:

संप न उघडता, एंडोस्कोपने (नळीवरच्या छोट्या कॅमेऱ्याने) गाइडची अवस्था खात्रीने कळते का? चेन, गाइड आणि व्हॅनोस एकत्र केल्यास स्वतंत्र गॅरेजमध्ये मजुरीचे किती तास धरावेत? जॅक लावण्याच्या जागांशिवाय गंज आणखी कुठे पाहावा?

एफ९० वाल्यांनो, व्हीच्या मधोमध बसवलेल्या टर्बोच्या उष्णतेने कूलंटचे पाइप आणि जोड किती किलोमीटरला बदलावे लागले? पुढच्या-मागच्या टायरची झीज असमान झाल्यावर ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) त्रास झाला का?

१९९८ च्या गाड्यांना २०२८ पासून एच नंबरप्लेट (जर्मनीत तीस वर्षं जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची) मिळू शकेल, तेही हिशेबात धरलंय.