पुण्यातलं टेक्नो: वेग वाढला तो घड्याळामुळे की कानांमुळे?

मुंढवा_किक

मंडळी, एक वाद मिटत नाहीये. एक गट म्हणतो, गेल्या पंधरा वर्षांत पुण्यातलं टेक्नो (क्लबात वाजणारं एकसारख्या ठोक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सुधारलं, जागा वाढल्या, सिस्टिम बरी झाली, इथलीच पोरं मुख्य डीजे म्हणून वाजवायला लागली. दुसरा म्हणतो, मिनिटाला १२४–१२६ ठोक्यांवर तासभर चढत जाणारं जे होतं ते गेलं, आता साडेदहालाच १४५ चालू. 'आमच्या वेळी' छाप उत्तरं नकोत, कारणं सांगा. आणि जोडीला कामाचा प्रश्न: दोनशे माणसांच्या बंद जागेत टेक्नो नीट ऐकू यावं म्हणून काय करायला लागतं? पुण्यातल्या बहुतेक खोल्यांमध्ये किक (दर ठोक्याला येणारा ड्रमचा दणका) नुसती गुरगुरते, ती का?

लिमिटर_१३०

आवडीनिवडीच्या आधी घड्याळ बघा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रात खर्ची पडतात, आपल्या वाट्याला काय येणार? म्हणून मैदानातलं सगळं दुपारी सुरू होऊन दहाला गप्प होतं. संगीत महोत्सवच घ्या: एनएच७ वीकेंडर २०१० ला कोरेगाव पार्कात सुरू झालं, सनबर्न २०१६ ते २०१८ पुण्यात होतं (पहिल्या वर्षी केसनंदला), सुपरसॉनिक २०१७ ला गोव्याहून इकडे आलं. तिन्हींना हाच नियम. अशा ठिकाणी एका डीजेला तास-सव्वा तास मिळतो. एवढ्या वेळात कुणी संथ चढण बांधत नाही, वीस हजारांचं मैदान पहिल्या दहा मिनिटांत धरावं लागतं.

आधीची फार्महाऊसवरच्या रात्रभराच्या पार्ट्यांची पद्धत मार्च २००७ मध्ये सिंहगडाजवळ डोणज्याला पोलिसांची धाड पडली तिथे मोडली. अडीचशेहून जास्त लोक ताब्यात घेतले होते. सहा-आठ तासांचा रात्रभराचा सेट त्यानंतर पुण्यात कुणी पोस्टर लावून केला असेल असं वाटत नाही.

राहिल्या बंद जागा: केपी (कोरेगाव पार्क), मुंढवा, कल्याणीनगर, राजा बहादूर मिल, बाणेर-बालेवाडी. तिथे दीडला दार बंद, म्हणजे संगीत सव्वाला उतरवायचं. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर उत्पादन शुल्क आणि पोलीस दोघंही या वेळेवर करडी नजर ठेवून आहेत. पुणेकर आत येतो अकराला. म्हणजे भरलेली खोली मिळते जेमतेम सव्वादोन तास, आणि त्यातच पाहुणा डीजे बसवायचा. मग वॉर्म-अपवालाही १३५ वर सुरू करतो, कारण त्यालाही कुणीतरी ऐकायला हवं असतं.

सदाशिवपेठी_अ‍ॅसिड

घड्याळाचं अर्धंच पटतं. बर्लिनमध्ये शनिवारी रात्री उघडलेला क्लब सोमवारी सकाळपर्यंत चालतो, तिथेही वेग वाढलाच. आणि गणित करून बघा राव: १२६ ला ३२ बार (चार-चार ठोक्यांचे) वाजायला ६१ सेकंद लागतात, १४५ ला ५३. आठ सेकंद वाचवण्यासाठी कुणी वेग वाढवत नाही.

पुण्याचा कान आधीपासूनच १४० च्या पुढचा आहे. ओशो आश्रम १९७४ पासून कोरेगाव पार्कात, गोव्याला जाणारी-येणारी परदेशी मंडळी याच गल्ल्यांत राहायची, आणि सायट्रान्सचा (गोव्याच्या पार्ट्यांतल्या वेगवान संगीताचा) श्रोता इथे कधीच आटला नाही. सायट्रान्समध्ये किकनंतर ठोक्याच्या पाव-पाव भागाच्या तीन बेसनोट्स येतात, मधे मोकळी जागा उरतच नाही. आजच्या हार्ड टेक्नोत किकलाच रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) देऊन, वरचं सगळं कापून, मागे जी घरघर ठेवतात ती तीच जागा भरते. सायच्या माणसाला इकडे यायला काहीच कष्ट पडले नाहीत. २०२० च्या टाळेबंदीनंतर जी अठरा-वीसची पोरं पहिल्यांदा बाहेर पडली, त्यांनी हे संगीत आधी मोबाईलवर तीस सेकंदांच्या तुकड्यांत ऐकलं होतं. तीस सेकंदांत १२४ काय सांगणार?

उलट १२४–१२६ चं मिनिमल (मोजक्या आवाजांचं टेक्नो) हीच मधली बाहेरून आलेली लाट होती. त्याला 'खरं टेक्नो' म्हणणाऱ्यांनी टेक्नो जिथे जन्मलं त्या डेट्रॉईटची १९८८ च्या आसपासची गाणी परत ऐकावीत, बरीचशी सुरेल आणि नाचरी आहेत. (कुणीतरी आता चरणजितसिंगांचं नाव काढेलच. मुंबईच्या या वादकाने १९८२ ला ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३ (बेसचा सिंथ) यांवर राग वाजवून ठेवले हे खरं, पण ती रेकॉर्ड २०१० ला पुन्हा निघाली तेव्हा कुठे लोकांना कळली. तिचा आपल्या पबांशी वारसा जोडू नका.)

खरा बिघाड वेगात नाही, पाटीत आहे. पोस्टरवर 'टेक्नो', आत १२३ चं मेलोडिक (सुरांवर भर देणारं) नाहीतर १२८ चं टेक-हाउस (टेक्नो आणि हाउसचं मिश्रण). ओळखायचं कसं? किक किती वेळ गायब होते ते मोजा. टेक्नोत सोळा-बत्तीस ठोक्यांपेक्षा जास्त वेळ ती सहसा गायब राहत नाही. मेलोडिकमध्ये दीड-दीड मिनिट जाते, कारण तेवढ्यात सगळे मोबाईल वर काढतात आणि पबला फुकटची जाहिरात मिळते. त्यात महाराष्ट्रात दारूचं वय २५, बिअर-वाईनचं २१. कॉलेजच्या पोरांवर बारचा गल्ला कायदेशीर भरत नाही, म्हणून मालकाला टेबल घेणारा तिशीचा माणूस हवा असतो, आणि त्याला ते मेलोडिक हवं असतं. हार्ड टेक्नोवाले मग तिकिटावर जगतात. दोन्ही गर्दी एका रात्रीत कोंबली की कुणीच खूश होत नाही.

बेसवाला_हडपसर

वेगाचा वाद तुमचा तुम्ही भांडा, मी गुरगुरीचं सांगतो.

समजा खोली १५ मीटर लांब, ९ रुंद, ३ उंच. आपल्याकडे आवाजाचा वेग साधारण ३४५ मीटर प्रतिसेकंद धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी तरंगलांबी अर्धी मावते, तिच्या कंपनसंख्येवर (हर्ट्झमध्ये) आणि त्या संख्येच्या पटींवर खोली स्वतःच घुमते. उंचीवर ३४५ भागिले ६, म्हणजे साडेसत्तावन्न हर्ट्झ. रुंदीवर १९, ३८ आणि पुन्हा साडेसत्तावन्न. लांबीची पाचवी पटही तीच. तिन्ही मापं तीनच्या पटीत, म्हणून तिन्ही घुमे एकाच जागी येऊन बसले. आणि टेक्नोच्या किकचा मूळ सूर असतो ४५ ते ५५ च्या आसपास, घरघर त्याच्या आगेमागे. भिंतीला टेकलेल्याला गुरगुर, मधोमध उभा असलेल्याला पोकळ. १२५ ला दोन किकच्या मध्ये ४८० मिलिसेकंद मिळतात, १४५ ला ४१४. घुमा विझायच्या आत पुढची किक येते. तेव्हा वेग वाढला की वाईट खोली आणखी वाईट वाजते, एवढा तुमच्या वादाशी संबंध.

उपाय जागेपासून सुरू करा. दोनशे माणसांना दोन डबल-१८ किंवा चार सिंगल-१८ बेस (१८ इंची स्पीकरच्या पेट्या) आणि दोन चांगले टॉप (वरच्या सुरांच्या पेट्या) पुरतात. बेस डावे-उजवे वाटून ठेवण्याची जी सवय आहे ती सोडा, त्याने मधल्या पट्ट्यात दणका आणि दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. सगळे बेस एकत्र, रुंदीच्या बरोबर मध्यावर, मागच्या भिंतीला चिकटवून. मध्यावर ठेवले की रुंदीचे १९ आणि ५७ हे दोन्ही घुमे चेततच नाहीत. भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढे ओढले तर ५० हर्ट्झची परतलेली लाट उलटी येऊन मूळ लाट खाते. बरेच जण 'जरा पुढे घ्या, मोकळं वाजेल' म्हणून नेमकं हेच करतात.

बेस कन्सोलखाली (डीजेच्या टेबलाखाली) आले की टर्नटेबलवाल्यांना त्रास होतो, सुई कंपनं उचलते. कडाप्प्याची जाड फरशी घ्या, तिच्याखाली थोडी हवा भरलेली सायकलची ट्यूब ठेवा, वर टर्नटेबल. सीडीजेला (पेनड्राइव्हवरून वाजवणाऱ्या डीजे-प्लेअरला) हे लागत नाही.

मग क्रॉसओव्हर (बेस आणि टॉपमधली वाटणी) ९० हर्ट्झच्या आसपास, खाली ३० ला हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर), ५७ ला अरुंद चार-पाच डीबी कापा. खड्डा मात्र ईक्यूने (सूर कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी) भरायला जाऊ नका, नुसता अ‍ॅम्प तापतो. मिक्सरचा मास्टर मीटरवर शून्य डीबीला, लाल दिवा लागला की समोरच्याला सांगा. किक चिरकली की लोकांना जोरात वाटतं, पण कान अर्ध्या तासात थकतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डीबी आहे. फ्लोअरवर त्याच्या आतच राहा, बार आणि टेबलांकडे अजून खाली.

शेजाऱ्यांचं वेगळं. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डीबी, व्यापारी भागात ५५. ही मोजणी ए-वेटिंगने (कानाला कमी ऐकू येणारे सूर वजा करून) होते, आणि ए-वेटिंग ५० हर्ट्झवर ३० डीबी वजा करतं. मीटर निमूट असतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या शोकेसमधली भांडी थरथरत असतात. तक्रार येते ती भांड्यांची. म्हणून त्यांच्या दाराशी सी-वेटिंगनेही (ते बेस फारसा वजा करत नाही) मोजा. ए आणि सीमध्ये वीसहून जास्त फरक दिसला तर बेस गळतोय. पुण्यातल्या पबांना रस्त्याकडे काचेची भिंत लागते, आणि सहा मिलिमीटरची काच बेसला पडद्यासारखी. दोन दारांची मधली खोली आणि काचेच्या आतून दुसरी भिंत, याला पर्याय नाही.

मुंढवा_किक

हे सोनं आहे. आता उघड्यावरचं सांगा, पवनेच्या बाजूला, दुपारी चार ते दहा. मांडववाल्याची डॉल्बी चालेल का? निम्म्या भाड्यात मिळते.

सर्व्हो_भोसरी

डॉल्बीची भिंत टेक्नोला चालत नाही, पण कारण 'गावठी' वगैरे नाही. ती मिरवणुकीसाठी बांधलेली असते: ५५-६० हर्ट्झच्या आसपास जास्तीत जास्त दणका, रस्त्यावर लांबपर्यंत पोचेल असा. त्याच्या खाली पेटीचा आवाज झपाट्याने पडतो, आणि हॅट-क्लॅपचा (वरच्या, तीक्ष्ण आवाजांचा) भाग मागे राहतो. टेक्नोत दर सेकंदाला दोन-अडीच किक, सहा तास सलग. मिरवणुकीत गाणी बदलतात, थांबे येतात, स्पीकरच्या कॉइलला श्वास मिळतो. इथे तो मिळत नाही. हाय-पास न लावता ३० हर्ट्झची घरघर सोडली की तिसऱ्या तासाला कॉइल जळल्याचा वास येतो. त्याच माणसाकडे विचारा, 'लाइव्हचा सेट आहे का, प्रोसेसरसकट?' बहुतेकांकडे असतो.

उघड्यावर तीन बेस एकावर एक रचून मधला उलटा फिरवा. उलट्याची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलट करा आणि पेटीची खोली ८५ सेंटिमीटर असेल तर त्याला अडीच मिलिसेकंद डिले द्या. मागे गावाकडे जाणारा बेस बराच कमी होतो. पेट्यांच्या मागे किमान मीटरभर मोकळं हवं, भिंतीला चिकटवलं तर ही युक्ती वाया.

विजेचं जास्त महत्त्वाचं. जनरेटरचा न्यूट्रल सैल असला तर एका फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्ट चढतात, आणि पहिली मरतात ती सीडीजे. जोडणी झाल्यावर, लोड टाकण्याआधी आणि टाकल्यावर, तिन्ही फेज-न्यूट्रल मीटरने मोजा. साउंड आणि कन्सोल एकाच फेजवर, एकाच अर्थिंगला. लाइट दुसऱ्यावर, नाहीतर डिमरचा भुणभुणाट मिक्सरमध्ये येतो. कन्सोलला ऑनलाइन यूपीएस लावा. डिझेल भरायचं ते सेट सुरू होण्याआधी. आणि पेनड्राइव्ह दोन, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले. भाड्याच्या जुन्या मशिनी एक्सफॅट वाचत नाहीत, फ्लॅकही सगळ्या वाजवत नाहीत. गाणी वेव्ह किंवा एआयएफएफ फाइलींत ठेवा.

केपी_लेन_सहा

परवानग्यांचं थोडक्यात. आधी जागा पुणे ग्रामीण पोलिसांत येते की पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, ते तपासा. चुकीच्या टेबलावर अर्ज दिला तर आठवडा जातो. ग्रामपंचायतीचा ना-हरकत, पोलिसांची कार्यक्रम परवानगी, अग्निशमन, दारू असेल तर उत्पादन शुल्कचा एक दिवसाचा परवाना. संगीताचे हक्क वेगळे: ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, गीत-संगीतरचनेसाठी आयपीआरएस. एक घेतला म्हणून दुसरा माफ होत नाही. शंभर मीटरवर शाळा किंवा दवाखाना असेल तर तो शांतता क्षेत्र, जागाच बदला.

लिमिटर_१३०

सदाशिवपेठी, आठ सेकंदांचा मुद्दा मान्य, पण मी वेळ वाचवण्याबद्दल बोलतच नव्हतो. चढण काढून टाकली जाते त्याबद्दल बोलत होतो. बर्लिनमध्ये १५० ऐकायचं नसेल तर सकाळी नऊला जाता येतं. इथे दुसरी पाळीच नाही, म्हणून जो वेग जिंकतो तो पूर्ण रात्र घेतो.

आयोजकांना सव्वापर्यंतच्या रात्रीत करता येण्यासारखं एक आहे. पाहुण्याला शेवट देऊ नका. साडेआठ ते दहा १२० च्या आतलं, डब (संथ, प्रतिध्वनीचं) वगैरे, तिकीट या वेळेत निम्मं. दहा ते अकरा इथला माणूस, १२८ पर्यंत. पाहुणा अकरा ते सव्वाबारा. शेवटचा तास परत इथल्याच कुणाला, त्याला १४५ करायचं तर करू द्या. साडेबाराला निम्मी गर्दी कॅब आणि नाकाबंदीच्या हिशेबाने निघायला लागते, आणि विमानाचं भाडं भरून आणलेला माणूस मोकळ्या होत चाललेल्या खोलीत वाजवतो.

सदाशिवपेठी_अ‍ॅसिड

अकराचा पाहुणा पटला. निम्म्या तिकिटाने साडेआठला कोण येतंय ते बघू, पुणेकर तेव्हा जेवत असतो.