१० ते १५ वयाच्या मुलांसाठी चिंता-नैराश्याची प्रश्नावली: कोणती घ्यावी, गुण कसे लावावेत?

समुपदेशक_शाळा

पाचवी ते नववीच्या २४० मुलांची प्राथमिक चाळणी करायची आहे. आम्ही दोघंच समुपदेशक आहोत. आरकॅड्स, स्केअर्ड, पीएचक्यू-ए आणि एसडीक्यू अशी चार नावं समोर आहेत. यातली कोणती घ्यावी? मुलाचे आणि पालकांचे गुण जुळले नाहीत तर कोणाचे धरायचे? आणि मुलाने दोन-तीन विधानं रिकामी सोडली तर कागद बाद करायचा का?

मोजपट्टी

चौघींची कामं वेगळी आहेत, त्यामुळे काय शोधायचंय ते आधी ठरवा.

एसडीक्यूमध्ये २५ विधानं असतात, पण भावनिक त्रासाची त्यातली फक्त ५. बाकीची वर्तन, चंचलता, मित्रांशी नातं आणि समंजसपणा यांची. मोठं जाळं टाकायला ती चांगली, पण चिंता कुठली आणि नैराश्य कुठलं हे ५ विधानांतून वेगळं काढता येत नाही. पीएचक्यू-ए ९ प्रश्नांत आटोपते, मात्र ती ११ ते १७ वयासाठी आणि फक्त नैराश्यासाठी आहे. तुमची १० वर्षांची मुलं तिच्यात बसत नाहीत. स्केअर्ड ही चिंतेची प्रश्नावली: ४१ विधानं, ० ते २ गुण, एकूण २५ किंवा जास्त आले तर पुढे बघायचं. तिच्यात शाळा टाळण्यावर ४ विधानांचा वेगळा गट आहे, शाळेत तो फार उपयोगी पडतो. पण नैराश्याबद्दल ती काहीच विचारत नाही. तीच घ्यायची असेल तर एमएफक्यू या नैराश्याच्या प्रश्नावलीची १३ विधानांची लघु आवृत्ती जोडीला द्या. तिथे १२ किंवा जास्त गुण आले तर लक्ष द्यायचं, अशी प्रचलित रेषा आहे.

तुमच्या वयोगटाला मी आरकॅड्स देईन. ४७ विधानं, उत्तरं ० ते ३. सामाजिक भीती ९, पॅनिक ९, आईवडिलांपासून दूर होण्याची चिंता ७, सर्वसाधारण चिंता ६, मंत्रचळ (तेच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा) ६ आणि नैराश्य १०. पाचवीच्या मुलांना ४७ जड जातात. त्यांच्यासाठी २५ विधानांची आवृत्ती आहे, पण तिच्यात चिंतेचे सगळे प्रकार एकत्र होतात: १५ चिंतेची, १० नैराश्याची.

आता गुण. आरकॅड्सची कच्ची बेरीज थेट वाचू नका. ती मुलाची इयत्ता आणि लिंग बघून टी-गुणांत (तशाच इतर मुलांच्या तुलनेत हे मूल कुठे आहे ते सांगणारे प्रमाणित गुण) बदलायची असते. ६५ च्या खाली सामान्य, ६५ ते ६९ सीमेवर, ७० पासून पुढे लक्षणीय. सर्वात जास्त चुका इथेच होतात: मुलींचा तक्ता मुलांना लावला जातो, किंवा एका गटाची बेरीज दुसऱ्या गटाच्या ओळीत शोधली जाते. हे मानकगुण मूळ अमेरिकी मुलांवरून काढलेले आहेत. म्हणून ६९ आणि ७० मधल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

रिकाम्या जागांसाठी कागद बाद करू नका. एका गटात २ पर्यंत विधानं सुटली असतील तर उत्तरं दिलेल्यांची सरासरी काढून ती गटातल्या एकूण विधानसंख्येने गुणायची. उदाहरणार्थ, सामाजिक भीतीच्या ९ पैकी ८ भरली आणि बेरीज १२ आली: १२ भागिले ८ गुणिले ९ म्हणजे १३.५, पूर्णांकात १४. दोनपेक्षा जास्त सुटली तर तो गट मोजायचा नाही. रिकाम्या जागी ० धरणं ही मात्र घोडचूक आहे. त्रास झाकणारी मुलं नेमकी तीच विधानं सोडतात.

बालमानस_ओपीडी

पालक आणि मूल जुळणार नाहीतच. पालकांचे आणि मुलाचे गुण यांचा सहसंबंध (पूर्ण जुळले तर १, अजिबात नाही तर ०) साधारण ०.२५ इतकाच निघतो, असं मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. घरी दिसणारी चिडचिड, न जेवणं, वस्तू फेकणं हे पालकांना चांगलं कळतं. आतली भीती, निरर्थक वाटणं, मरणाचे विचार हे मुलालाच विचारावं लागतं. त्यामुळे दोघांची सरासरी काढू नका. कोणाही एकाचे गुण रेषेवर गेले तरी मुलाला बोलवा, आणि फरक कशात आहे ते मुलाखतीत बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मरणाच्या विचारांची विधानं. पीएचक्यू-एचा नववा प्रश्न त्याबद्दल आहे. एमएफक्यूच्या ३३ विधानांच्या मोठ्या आवृत्तीतही असा प्रश्न आहे, १३ च्या लघु आवृत्तीत नाही. त्यामुळे लघु एमएफक्यूचे गुण कमी आले म्हणून धोका नाही असं म्हणता येत नाही. नवव्या प्रश्नावर ० सोडून काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलायचं. विचार कधीपासून आहेत, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते शिरतं ही समजूत चुकीची आहे. उत्तर गंभीर असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं आणि तातडीने मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं.

याचा वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. शेवटच्या तासाला किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रश्नावली देऊ नका. पहिल्या तासाला द्या, आणि मुलं शाळेत असतानाच प्रत्येक कागदावरचं ते विधान बघून घ्या. कागदावर नाव नको, क्रमांक ठेवा, पण क्रमांकाची यादी तुमच्याजवळ हवी. पूर्ण निनावी घेतलं तर धोका दिसेल आणि मूल सापडणार नाही.

शब्दार्थी

भाषांतरित प्रत वापरणार असाल तर नकारार्थी विधानं तपासा. "मला झोप लागत नाही" पुढे "कधीच नाही" हा पर्याय आला की मुलं गोंधळतात. काहींना वाटतं, "झोप कधीच लागत नाही" असं सांगायचंय, आणि ती ३ ऐवजी ० वर खूण करतात. "झोप लागायला त्रास होतो" असं लिहिलं की प्रश्नच मिटतो. दुसरा खड्डा "काळजी" शब्दाचा. "मला घरच्यांची काळजी असते" हे मुलांना चांगला गुण वाटतो, लक्षण नाही. तिथे "घरच्यांना काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटते" असं हवं. आधी सात-आठ मुलांना विधानं वाचून "तुला यातून काय कळलं?" एवढंच विचारा.

पण परस्पर शब्द बदलून मूळ रेषा तशीच लावू नका, परवानगीही बघा. आणि कालावधी मोठ्याने वाचून दाखवा: एमएफक्यू दोन आठवड्यांचं विचारते, स्केअर्ड तीन महिन्यांचं, एसडीक्यू सहा महिन्यांचं. पीएचक्यू-एच्या प्रचलित प्रतींत कुठे दोन आठवडे, कुठे सात दिवस असतात. एका शाळेत दोन्ही प्रती मिसळल्या तर गुणांची तुलना करता येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात तर घेऊच नका.

समुपदेशक_शाळा

धन्यवाद. २४० मधून किती मुलांना भेटावं लागेल, याचा अंदाज कसा काढायचा?

मोजपट्टी

समजा १० टक्के मुलांना खरोखर त्रास आहे, आणि प्रश्नावली ८० टक्के त्रासलेली मुलं पकडते, ८० टक्के निरोगी मुलांना बरोबर सोडते. (आकडे हिशेबापुरते आहेत.) २४ त्रासलेल्यांपैकी १९ सापडतील. उरलेल्या २१६ निरोगी मुलांपैकी ४३ उगाच रेषेवर येतील. म्हणजे ६२ मुलांना बोलवायचं, आणि त्यातल्या दर तीनांपैकी दोघांना आजार नसणार. म्हणूनच निकाल पालकांना "तुमच्या मुलाला नैराश्य आहे" असा कळवू नका. "आणखी बोलायचं आहे" इतकंच कळवा. पाच जण सुटतील तेही लक्षात ठेवा. शिक्षकांना एखाद्या मुलाबद्दल शंका असेल तर गुण कमी असले तरी भेटा.

६२ मुलाखती, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ३१ तास. दोघांत मिळून रोज सहा झाल्या तर अकरा दिवस लागतील. म्हणून २४० कागद एका दिवशी वाटू नका. एका दिवशी एकच वर्ग घ्या, त्याच्या मुलाखती संपल्या की पुढचा.