परीक्षा विभागातल्या क्लार्कलाही शिकवा

भाऊ, कुलगुरू-अधिष्ठात्यांना आंतरराष्ट्रीयीकरणाचं, म्हणजे परदेशी विद्यापीठांशी जोडून घेण्याचं, प्रशिक्षण दिलं की पुरे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी इथली पण थोडं शिक्षण परदेशी विद्यापीठात, तिथले क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) ३० टक्क्यांपर्यंतच चालतात. दोन्ही विद्यापीठांनी मिळून द्यायच्या संयुक्त पदवीत मात्र दोन्हीकडून किमान ३० टक्के लागतात. हा हिशेब गुणपत्रिकेत बसवतो परीक्षा विभागातला क्लार्क. त्याला कोण शिकवणार? आमच्या तालुक्याच्या कॉलेजात परदेशी विद्यापीठाशी करार झाला, फोटो निघाले, अन् फाईल धूळ खात पडली. तिकडच्या पत्राला उत्तर कोणी द्यायचं, हेच ठरलं नव्हतं!

धोरणही इथल्या मातीतलं हवं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला. गडचिरोलीत हा विषय शिकायला परदेशी विद्यार्थी का येऊ नयेत?