कोजागरीच्या चिठ्ठ्या : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

शुभदाकाकू, बी-२०३ : नमस्कार मंडळी. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आणि भेळ ठरलंच आहे. यंदा प्रत्येक ग्लासाबरोबर भविष्याची एक चिठ्ठी देऊ या का? मात्र आपण लिहिलेली. फॉरवर्ड केलेले सुविचार नकोत. घरटी दोन चिठ्ठ्या, जास्तीत जास्त दोन ओळींच्या.

मीनल, सी-४०२ : मस्त! माझी पहिली घ्या. "यश तुमच्या दारात उभे आहे."

शुभदाकाकू : मीनल, राग मानू नकोस, पण ही वाचून कुणी शेजारच्याला दाखवणार नाही. "ए, बघ मला काय आलंय" असं तोंडातून निघालं पाहिजे. दारात यश नको, खरंच कोण उभं असतं ते घाल.

मीनल : "उद्या इस्त्रीवाला न सांगता येईल आणि मोज्यांची जोडी पूर्ण असेल."

शुभदाकाकू : हीच! पहिली चिठ्ठी पक्की.

जोशीकाका, ए-१०१ : शुभदावहिनी, कल्पनेला हरकत नाही. पण भविष्य हा शब्द मला खटकतो. मुलांसमोर पोपटवाल्या ज्योतिषाचा खेळ कशाला?

शुभदाकाकू : काका, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच ग्रह, राशी, शुभ रंग काही नको. लिहिणारे आपण, वाचणारे आपण, हे मुलांनाही माहीत असणार. माझ्या लहानपणी पहाटे दारोदार भविष्य सांगणारा पिंगळा यायचा, कंदील आणि कुडमुडं घेऊन. आजी त्याला सूपभर धान्य घालायची. त्याच्या बोलण्यावर तिचा विश्वास होता की नाही, सांगता येणार नाही, पण दिवसाची सुरुवात कुणीतरी चांगलं बोलून केली याचं तिला अप्रूप असायचं. मला तेवढंच हवंय.

अथर्व, सी-१०४ : काकू, मी फॉर्च्युन कुकीचं वाचलं, म्हणजे आत भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्किट. ती चीनमधली नाहीच! मूळ जपानचं. क्योटोजवळच्या देवळाशेजारी अशा बिस्किटांची जुनी दुकानं आहेत. अमेरिकेत ती कुणी आणली यावर भांडण होतं, १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यावर गमतीचा खटलाही चालवला. आणि मार्च २००५ मध्ये अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीत एकदम ११० जणांना दुसरं बक्षीस लागलं. लॉटरीवाल्यांना वाटलं घोटाळा आहे. चौकशी केली तर बहुतेकांनी कुकीतल्या चिठ्ठीवरचे आकडे लावले होते! पाच बरोबर आले, सहावा चुकला. आपणही मागे आकडे छापू?

जोशीकाका : लॉटरी नको रे बाबा. पण एकच आकडा घाल. लकी ड्रॉ त्यावरच काढू, वेगळी कुपनं छापायला नकोत.

प्राजक्ता, बी-५०१ : मी करंज्या करणारच आहे. चिठ्ठी सारणात घालून तळू का?

शुभदाकाकू : नको ग. कुकीत चिठ्ठी भाजल्यानंतर जाते. चकती तव्यावरून उतरली की काही सेकंद मऊ असते, तेवढ्यात कागद ठेवून दुमडतात, गार झाली की कडक होते. करंजी बंद करून तेलात जाते. कागद तुपकट होईल, शाई सारणात उतरेल आणि एखादं पोर चिठ्ठीसकट गिळेल. आपण पुडी बांधून ग्लासाला दोऱ्याने अडकवू.

प्राजक्ता : बरं. माझी चिठ्ठी : "तुमच्या घरी लवकरच गोड बातमी."

शुभदाकाकू : प्राजक्ता, ही मी घेणार नाही, आणि कारण इथेच सांगते. चिठ्ठी कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात नाही. आपल्यात अशी घरं आहेत जिथे हा प्रश्न चारचौघांत विचारलेला नको असतो. तसंच लग्न, मार्क, नोकरी, तब्येत, पैसा. यातलं काहीही असलं तरी बाजूला ठेवणार. सात वर्षांचा मुलगा असो की सत्तरीचे आजोबा, पुडी उघडणाऱ्याला ती आपलीच वाटली पाहिजे, आणि ती खरी ठरायला उद्याचा-परवाचा दिवस पुरला पाहिजे. अवघड आहे, मीही रोज खोडते आहे.

प्राजक्ता : पटलं काकू. मग ही घ्या : "हरवलेलं झाकण या आठवड्यात सापडेल. डबा मात्र शोधावा लागेल."

मीनल : 😂😂 ही आमच्याकडेच येऊ दे.

देशपांडेकाका, ए-३०४ : मी एआयकडून पन्नास काढून देतो. पाच मिनिटांचं काम.

शुभदाकाकू : काका, त्यात आपल्या बिल्डिंगचा वास कुठून येणार? तुम्ही रोज सकाळी टाकीच्या वॉल्वपाशी उभे असता, त्यावर लिहा ना.

देशपांडेकाका : बघतो... "गुरुवारी पाणी येणार नाही असं सगळे म्हणतील. तुमची बादली भरलेली असेल."

जोशीकाका : वा! पुणेरी पाटीला शोभेल असं आटोपशीर झालं.

शुभदाकाकू : पाटीचा आटोपशीरपणा हवाच, काका. फक्त पाटी बहुतेकदा काय करू नये ते सांगते. इथे कुणाला तरी काहीतरी मिळू दे. तुमची एक द्या ना.

जोशीकाका : लिहिली आहे. "उद्या जिन्यात कुणीतरी चहाला बोलावेल. घाई असली तरी जा." आणि हे बोलावणं खोटं ठरू नये म्हणून ए-१०१ मध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून चहा तयार असेल.

अथर्व : काका, मला दूध चालेल?

जोशीकाका : चालेल. तुझी चिठ्ठी कुठे आहे?

अथर्व : "लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेलात तर दुसऱ्या मजल्यावर साजूक तुपाचा वास येईल."

प्राजक्ता : दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे?

शुभदाकाकू : माझ्याकडेच. लोणी कढवायचं आहे, त्याच दिवशी सकाळी कढवते. चिठ्ठ्या गुरुवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या, हाताने लिहिलेल्या. अक्षर लहान मुलांनाही वाचता येईल असं हवं. ज्यांना मराठी लिहायला जमत नाही त्यांनी मला सांगावं, मी लिहून घेईन. दोरा आणि रंगीत कागद मी तुळशीबागेतून आणते. आकडे घालण्याचं काम अथर्वकडे.

मीनल : पुड्या बांधायला मी येते. शुक्रवारी साडेआठ?

शुभदाकाकू : नऊ वाजता ये, जेवण उरकून.