पाठ 'घासून' घ्यायची चिनी रीत आपल्या केंद्रात कशी बसवायची?

मोहोळकर:
केंद्रात 11 शाळा, त्यातल्या 8 द्विशिक्षकी. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक आदर्श पाठ होतो, टाळ्या पडतात, मग परिपत्रकं वाचली जातात. चीनमध्ये शिक्षक एकच पाठ पुन्हा पुन्हा घेऊन सुधारतात, त्याची नेमकी रीत हवी आहे. माणसं किती, फेऱ्या किती, नोंदी कशाच्या? पाचवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात करायची आहे.

फळाखडू:
तिकडे शाळेतच विषयवार शिक्षकांचा गट असतो, त्याला जिआओयानझू म्हणतात. 1952 पासून ही सरकारी चौकट आहे. पाठ घासण्याला 'मोके' म्हणतात, म्हणजे जात्या-सहाणेवर घासावं तसं.

चार-पाच जण पुरेत. एक जण शिकवणार, बाकीचे बघणार. आधी सगळ्यांनी मिळून तो घटक सोडवायचा आणि मुलं कुठे चुकतील ते लिहून ठेवायचं. 1/3 मोठा की 1/4? 'चार तीनापेक्षा मोठा, म्हणून 1/4' हे उत्तर येणारच. ते कसं बाहेर काढायचं आणि त्यावर काय विचारायचं, हे शब्दन् शब्द ठरवा.

मग पहिला पाठ. निरीक्षकांनी कामं वाटून घ्यायची: एकाने शिक्षकाचे प्रश्न जसेच्या तसे वेळेसह टिपायचे, दुसऱ्याने ठरवलेल्या चार मुलांच्या वह्या बघायच्या (एक हुशार, दोन मधली, एक मागे पडणारं), तिसऱ्याने फळा उतरवून घ्यायचा. मध्ये बोलायचं नाही, मुलाला मदतही करायची नाही. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं.

त्याच दिवशी 40 मिनिटं चर्चा. आधी शिकवणारा बोलेल, मग नोंदी वाचायच्या, सूचना शेवटी. पुढच्या फेरीत दोनच बदल करा. सहा केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसरी फेरी दुसऱ्या वर्गावर. ती न केलेला मोके म्हणजे नुसती पाठ-तपासणी.

बार्शीकर:
अपूर्णांकांचंच उदाहरण पुढे नेतो. आपल्याकडे हात आपोआप भाकरीकडे जातो. पण गोलाचे तीन सारखे भाग हाताने नीट होत नाहीत, आणि फळ्यावर दोन वर्तुळं लहानमोठी निघाली की मुलं चित्रांची तुलना करतात, अपूर्णांकांची नाही. त्यापेक्षा 24 सेंमीच्या दोन पट्ट्या द्या: एकीचे तीन भाग (8 सेंमी), दुसरीचे चार (6 सेंमी). मग मुद्दाम एक पट्टी 24 ची, एक 36 ची ठेवून विचारा: आता 36 चा चौथा भाग 9 सेंमी आला, मग 1/4 मोठा झाला का? 'पूर्ण एकच हवं' हे मुलांच्या तोंडून इथे निघतं. एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायच्या, या युक्तीला तिकडे 'बियानशी' म्हणतात. शांघायजवळच्या चिंगपूमध्ये गू लिंगयुआन यांनी 1977 पासून गणितशिक्षणाचा जो प्रयोग चालवला, त्यात यावर फार काम झालं.

सीनाकाठ:
एवढं उजळ चित्र रंगवू नका. चीनमध्येही जाहीर पाठांवर टीका होते: पाहुण्यांसमोरचा पाठ आधी मुलांकडून गिरवून घेतलेला असतो, मग सगळ्यांचे हात वर. आणि वेळेचं काय? 2013 च्या टालिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात शांघायच्या माध्यमिक शिक्षकांचं प्रत्यक्ष शिकवणं आठवड्याला सुमारे 14 तास निघालं. उरलेल्या वेळात तयारी, वह्या, गटाची बैठक. आपल्या द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी दोन-तीन वर्ग एकदम सांभाळतो, त्याला पाठ बघायला कोण सोडणार?

फळाखडू:
मान्य. म्हणून दर आठवड्याला पाठ बघायचा हट्ट नको, शिक्षण परिषदेचाच दिवस वापरा. फेरी एक सकाळच्या सत्रात, चर्चा तिथेच. फेरी दोन पुढच्या परिषदेला, यजमान शाळा बदलून. एका घटकाला दोन महिने. अख्खं केंद्र एका पाठाला बसवू नका, 22 माणसं मागे उभी राहिली तर मुलं गप्प होतात. पाच जण वर्गात, बाकीचे दुसऱ्या खोलीत वह्या तपासत. पाठ बघून मार्क द्यायचे नाहीत, नोंदी गोपनीय अहवालाच्या फायलीत तर अजिबात नाहीत, नाहीतर दुसऱ्यांदा कोणी पुढे येणार नाही.

बार्शीकर:
तासांचा हिशेब तुलनेला बरा आहे. चीनमध्ये सेवांतर्गत प्रशिक्षण 5 वर्षांत किमान 360 तास, म्हणजे वर्षाला 72. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला 50. फरक तासांपेक्षा ते कुठे खर्च होतात यात आहे.

अख्खी शाळा बदलायची असेल तर शांघायचं 2007 पासूनचं 'सोपवलेलं व्यवस्थापन' बघा: कमकुवत शाळा दोन वर्षांच्या कराराने चांगल्या शाळेकडे द्यायची, तिथली माणसं येऊन राहणार, सुरुवातीला आणि शेवटी मूल्यमापन. आपल्याकडे त्याच दोन वर्षांत बदल्यांची यादी लागते.

मोहोळकर:
अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळा जोडून घेता येतील का?

फळाखडू:
गणिताला हो, पट्ट्यांना भाषा लागत नाही. मात्र प्रश्न टिपणारा निरीक्षक कन्नड जाणणारा हवा. 'छेद' मोठा झाला की भाग लहान, हे कोणत्या शब्दांत विचारलं यावरच निम्मा पाठ अवलंबून असतो.