मादी कोआलाच्या किंकाळीत पिच सापडत नाही, काय चुकतंय?

पानगळ: क्वीन्सलंडमध्ये मादी कोआलांच्या हाकांवर काम करतेय. विणीच्या हंगामात नर अंगाशी आला की मादी आधी गुरगुरते, मग किंचाळते. वारा नव्हता, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. तरी प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिचची, म्हणजे आवाजाच्या मूळ कंपनसंख्येची, निळी रेघ तुकड्यातुकड्यांत येते, मध्येच निम्म्यावर घसरते. तुलनेला घेतलेल्या नराच्या डुरकणीत तर ती उमटतच नाही. दोन आठवडे यातच गेलेत.

खोडवा: डुरकणीचं सोपं आहे. पिचची खालची मर्यादा ७५ हर्ट्झवर असेल, आणि नराची डुरकणी सरासरी २७ च्या आसपास. १० वर आणून बघा. एवढ्याशा प्राण्याचा एवढा खोल आवाज स्वरयंत्रातून निघतच नाही. मऊ टाळूपाशी वेगळ्या जाड पडद्यांची जोडी असते, ती थरथरते. चार्ल्टन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे दाखवलं.

सांजसावली: किंकाळीचं मात्र वेगळं. तिथे सेटिंग चुकलेलं नाही, आवाजच तसा आहे. पिचची रेघ बंद करा, खिडकीची लांबी (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) ०.०३ सेकंद करा आणि नुसता स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणारं चित्र, बघा. सुरुवातीला स्वच्छ समांतर पट्टे दिसतील. मग दोन पट्ट्यांच्या मधोमध एक फिकट पट्टा उगवेल: तिथेच तुमची रेघ निम्म्यावर घसरते. पुढे सगळंच करड्या धुरळ्यात विरून जाईल. स्वरतंतूंवर ताण वाढला की कंपनांची लय अशी मोडते. त्या धुरळ्याला पिचच नसते, म्हणून कृपा करून तिथे हाताने आकडा भरू नका. हा माझा हट्ट समजा, पण असे भरलेले आकडे पुढे कुणालाच ओळखू येत नाहीत. प्रत्येक किंकाळीचा किती भाग स्वच्छ, किती दुभंगलेला (मधल्या फिकट पट्ट्याचा) आणि किती धुरळा, ते सेकंदांत मोजा. मादीचा नकार किती तीव्र आहे, याचा माग बहुधा तिथेच लागेल.

फॉर्मंट, म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनसंख्या, धुरळ्यातही मिळतात, उलट जास्त ठळक दिसतात. लागोपाठच्या फॉर्मंटांमधल्या सरासरी अंतराची दुप्पट करा, ध्वनीच्या वेगाला तिने भागा, स्वरमार्गाची (त्याच पोकळीची) अंदाजे लांबी मिळते. फक्त फॉर्मंट शोधताना माणसासाठी ठेवलेली ५५०० हर्ट्झची कमाल मर्यादा जशीच्या तशी वापरू नका.

आणि माद्या किती आहेत? एकाच मादीच्या चाळीस किंकाळ्या म्हणजे चाळीस नमुने नव्हेत.

पानगळ: माद्या सहा. तो फिकट पट्टा दिसला! सहापैकी एकीच्या जवळजवळ प्रत्येक किंकाळीत सुरुवातीलाच आहे. मी तिच्या फाइल खराब म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

सांजसावली: त्या फाइल आधी परत घ्या.